मोबाईल वाईट, असं एकोणीस जणांनी लिहिलं

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, पट २३. गेल्या महिन्यात मुलांना 'मोबाईल चांगला की वाईट? तुमचं मत लिहा' असा विषय दिला. १९ जणांनी 'वाईट' लिहिलं, तेही जवळपास त्याच शब्दांत. मी १० पैकी गुण दिले. चौथीतल्या एका मुलीला ९ दिले, कारण अक्षर सुंदर आणि चूक एकही नाही. तिसरीतल्या एका मुलाला ४ दिले, कारण ओळीओळीला चुका. वही हातात पडल्यावर तो म्हणाला, "बाई, माझं मत चुकलं का?" मला काही बोलता आलं नाही. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, "मताला कसले गुण? शुद्धलेखनाचे कापा, बाकीचे देऊन टाका." चार वह्यांतला मजकूर जसाच्या तसा सोबत पाठवते. लहान मुलांच्या मताचं मूल्यमापन करायचं तरी कसं? आणि ज्या मुलाला बोलता भरभरून येतं पण लिहिता येत नाही, त्याचं काय करायचं? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर :

ताई, नमस्कार.

पहिलं काम उद्याचं. त्या मुलाला सगळ्या वर्गादेखत सांगा की तुझं मत चुकलेलं नाही, बाईंनी कापले ते अक्षरांचे गुण. त्याने निदान विचारलं तरी. पुष्कळ मुलं विचारत नाहीत. काय लिहिलं की बाई खूश होतात एवढं ती हेरतात आणि पुढच्या वेळी तेच लिहून देतात. तुमच्या १९ जणांनी बहुधा हेच केलंय.

म्हणून वह्यांच्या आधी आपण प्रश्न तपासू. 'डोळे खराब होतात', 'वेळ वाया जातो', 'अभ्यास होत नाही' ही वाक्यं मुलांनी परिपाठात ऐकलेली असतात, घरी ऐकलेली असतात, मोबाईलवरच्याच एखाद्या व्हिडिओतही ऐकलेली असतात. शाळेच्या वहीत मोबाईलला चांगलं म्हणायचं नसतं, हे तिसरीच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. 'झाडे लावावीत का?' आणि 'स्वच्छता महत्त्वाची आहे का?' हे प्रश्न याच जातीचे. त्यांचं उत्तर भिंतीवरच रंगवलेलं असतं, मग मुलाने वेगळं मत आणायचं कुठून? आपली निबंधाची जुनी खोडही यात आहे. 'शाप की वरदान' म्हटलं की आधी फायदे, मग तोटे आणि शेवटी 'योग्य वापर केल्यास वरदानच'. हा साचा मुलं एकदा मार्गदर्शकातून उचलतात आणि दहावीपर्यंत पुरवून वापरतात. त्यात लिहिणाऱ्याला स्वतः काय वाटतं हे सांगावंच लागत नाही.

प्रश्न असा निवडा की वर्ग दोन्ही बाजूंना फुटेल, त्याचं उत्तर तुम्हालाही आधी माहीत नसेल आणि मुलांचं रोजचं काहीतरी त्यात अडकलेलं असेल. 'सकाळची शाळा बरी की दुपारची?' हा प्रश्न मार्चच्या तोंडावर विचारून बघा. कुणाला पत्र्याखालची दुपार नको असेल, कुणाची आई सकाळी रोजंदारीला जाते म्हणून डबा होत नसेल, कुणाला दुपारी शेरडं राखायला जावं लागत असेल आणि ते चुकावं म्हणून शाळा दुपारचीच हवी असेल. मोठ्यांचंही यावर एकमत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तेव्हा मुलांची झोप पूर्ण होईल म्हणून आनंद मानणारेही होते आणि स्कूलबसचं गणित कोलमडेल म्हणून कुरकुरणारेही होते.

मधल्या सुट्टीत मैदान मोठ्या मुलांनी अडवावं का, शनिवारी गृहपाठ असावा का, वर्गात ओळीत बसावं की गोलात, हे प्रश्नही चांगले चालतात. गोष्टींमध्ये तर खाणच आहे. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'मधली म्हातारी वाघाला 'लेकीकडे जाऊ दे, लठ्ठ होऊन येते, मग खा' असं कबूल करते आणि परतताना भोपळ्यात लपून त्याला गंडवते. तिने केलं ते बरोबर का? आपण एरवी खोटं बोलू नये म्हणून सांगतो आणि इथे सगळा वर्ग म्हातारीच्या बाजूने असतो. ससा झोपलेला दिसल्यावर कासवाने त्याला उठवायला हवं होतं का? या प्रश्नावर मी तिसरीची मुलं मधली सुट्टी विसरून भांडताना पाहिली आहेत. "शर्यत हाय, झोप काढायची न्हाई" असं एका बाजूने आणि "मित्र असंल तर उठवावं" असं दुसऱ्या बाजूने. हे लिहायला लावलं की वाक्यं आपसूक वेगवेगळी येतात, कुणाची कुणासारखी नसतात.

एक जपून. प्रश्नामुळे मुलाचं घर वर्गापुढे उभं राहणार असेल तर तो विचारू नका. पोषण आहारात अंडं असावं का, हा वरवर पाहता झकास प्रश्न आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात शासनाने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा निधी थांबवला आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. पण तिसरीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की कोण काय खातं आणि कोण कुणाकडे जेवत नाही हे सगळं पाच मिनिटांत बाहेर येतं. आठ वर्षांच्या मुलाने आपल्या ताटाची बाजू वर्गासमोर मांडत बसावी, हे मला तरी पटत नाही.

आता तुमच्या चार वह्या.

नऊ गुणांची : 'मोबाईल वाईट आहे. मोबाईलमुळे डोळे खराब होतात. मोबाईलमुळे वेळ वाया जातो. अभ्यास होत नाही. म्हणून मुलांनी मोबाईल वापरू नये.'

चार गुणांची : 'मोबाईल चांगला हाय. आई पप्पा कारकान्याला गेलेत. मी आजीच्या मोबाईलवर बोलतो. पन आजी लवकर झोपती मनून सातच्या आत लावाव लागतो.'

सहा गुणांची : 'मोबाईल वाईट आहे कारण मोबाईल चांगला नाही. मोबाईल खूप वाईट आहे.'

पाच गुणांची : 'मोबाईल चांगला पण आहे आणि वाईट पण आहे.'

मताच्या लेखनात मी तीन गोष्टी शोधते. मुलाचं म्हणणं काय ते कळतं का? त्यामागे कारण आहे का आणि ते त्या म्हणण्याला चिकटतं का? आणि कारणाखाली मुलाने स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं किंवा वाचलेलं काही आहे का? 'मताला कसले गुण' असं तुमचे मुख्याध्यापक म्हणतात, ते अर्धं बरोबरच आहे. मताला गुण नसतातच. चांगला म्हणा नाहीतर वाईट म्हणा, दोन्हीला सारखेच. गुण मताखालच्या आधाराला असतात, आणि तो तपासता येतो.

या नजरेने तिसरी वही बघा. त्यात 'कारण' हा शब्द आहे, पण कारण नाही. वाईट आहे कारण चांगला नाही, म्हणजे जिथून निघाला तिथेच परत आला. उलट दुसऱ्या वहीत 'कारण' शब्द कुठेच नाही, तरी कारण लख्ख आहे: आईबाप लांब आहेत आणि मोबाईलवर त्यांच्याशी बोलता येतं. लहान मुलं कारण नुसती वाक्यं शेजारी ठेवूनही सांगतात. 'म्हणून', 'नाहीतर', '-मुळे', 'मग' असंही सांगतात. 'सकाळची शाळा नको, नाहीतर माझं पाणी भरायचं राहतं' हे पुरतं कारण आहे. तेव्हा लाल पेन घेऊन 'कारण' हा शब्द शोधत बसू नका.

दुसऱ्या वहीतलं शेवटचं वाक्य, आजी लवकर झोपती हे, मताला फारसं लागत नाही. ते जरा सुटं पडलंय. हे मुद्दाम सांगते, कारण ही वही वाचताना आपलं मन लगेच भरून येतं. तुमच्या भागात ऊसतोडीचा हंगाम म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी काय सांगणार. दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत पोर आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. पण त्या दुःखाला गुण देऊ नका. आज त्याच्या आईबापाच्या कारखान्याला गुण दिलेत, तर उद्या वर्गातली मुलं दुःखं शोधून लिहायला लागतील, आणि मुलं यात फार हुशार असतात. त्याला गुण द्या ते कारण मताला जुळल्याचे आणि दाखला त्याचा स्वतःचा असल्याचे.

पहिल्या वहीतल्या मुलीची कारणंही मताला जुळतात, तीही तीन आहेत. तिचं बिनसलंय ते एवढंच की तिन्ही कारणं कोणीही कुठेही लिहिली असती. डोळे खराब होतात ते कुणाचे? घरात कुणाला चष्मा लागला का? तिने एक कारण घेऊन ते उलगडलं असतं तर पाच वाक्यांपेक्षा दोनच वाक्यं जड ठरली असती. मोठ्या मुलांच्या लेखनातही हाच फरक असतो, यादी करणारं एक आणि सांगणारं दुसरं.

चौथी वही तुम्ही पाच गुणांवर अडकवली आहे, ती बहुधा 'ठरवता आलं नाही' म्हणून. चांगलाही आणि वाईटही, हे मत असू शकतं, पण 'कधी चांगला, कधी वाईट' हे सांगितलं तरच. त्या मुलाला जवळ बोलवा आणि विचारा, "चांगला कधी रे?" तो जे बोलेल ते वाक्य त्याच्याकडूनच लिहून घ्या. पुष्कळदा मत असतं, पुढे लिहायचा कंटाळा असतो.

कुठल्या वयाला किती मागायचं, यात आपण फार घोळ घालतो. अमेरिकेत 'कॉमन कोअर' नावाची इयत्तावार उद्दिष्टं २०१० मध्ये आली, त्यात बालवर्गापासून मतलेखन आहे. तिथली चढण मला उपयोगी वाटते. बालवर्गात मूल चित्र काढून, तोंडी सांगून आणि जमेल तसं लिहून आपली आवड-निवड सांगेल. पहिलीत मत आणि त्याला एक कारण. दुसरीत एकाहून जास्त कारणं आणि ती जोडणारे शब्द. तिसरीत कारणं नीट मांडून शेवटाकडे येणं. समोरच्या बाजूचं म्हणणं विचारात घेणं त्यात कुठे येतं माहीत आहे? सातवीत. आपण मात्र तिसरीच्या पोराला पहिल्याच दिवशी 'फायदे आणि तोटे' लिहायला सांगतो आणि मग मत दिसत नाही म्हणून तक्रार करतो. त्यांचं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. त्यांचे वर्ग वेगळे, पट वेगळा, आणि घरात पुस्तकं असणारी मुलंही वेगळी. पण तिसरीत एक मत आणि दोन जुळणारी कारणं, चौथीत त्यातलं एक कारण स्वतःच्या दाखल्याने उलगडलेलं, एवढी अपेक्षा ठेवलीत तर पुरे.

गुणांचं म्हणाल तर माझी पद्धत साधी आहे. दहा गुण असतील तर मत कळलं त्याचे २, कारण जुळलं त्याचे ४, स्वतःच्या दाखल्याचे २ आणि वाचणाऱ्याला न अडखळता कळलं त्याचे २. यापेक्षा बारीक खाने पाडू नका. प्रशिक्षणात रुब्रिकचे, म्हणजे निकषवार गुणांचे, जे मोठाले तक्ते देतात ते २३ वह्यांपुढे तिसऱ्या दिवशी कपाटात जातात. या हिशोबाने पहिल्या मुलीला माझ्याकडून ७ मिळतील: मताचे २, कारणाचे ३, दाखल्याचा भोपळा, कळण्याचे २. ४ गुणांच्या मुलाला ८: मताचे २, कारणाचे ३, कारण 'म्हणून मला मोबाईल हवा' हा दुवा त्याने वाचणाऱ्यावर सोडलाय, दाखल्याचे २, आणि शेवटचं वाक्य सुटं पडल्यामुळे कळण्याचा १. तिसऱ्या वहीला ४, चौथ्या वहीला ३, तेही तो पुढचं वाक्य सांगेपर्यंतच. बघा, नऊ आणि चारमधलं अंतर सात आणि आठवर आलं. कुणी हिरो झालं नाही, कुणी पडलंही नाही.

'कळण्याचे २' आणि शुद्धलेखन यांची गल्लत मात्र करू नका. 'कारकाना', 'पन', 'मनून' वाचताना तुम्ही अडखळलात का? नाही. तो जसं बोलतो तसंच त्याने लिहिलंय, आणि ऐकलेला ध्वनी अक्षरात बरोबर उतरवलाय. 'न' आणि 'ण', 'हाय' आणि 'आहे' शिकवायचे आहेतच. त्यासाठी श्रुतलेखन आहे, अनुलेखन आहे, आणि तिथे खुशाल कापा. मताच्या वहीत एका वेळी एकच गोष्ट हातात घ्या, तीही आधी शिकवलेली. या महिन्यात पूर्णविराम, तर फक्त पूर्णविराम बघा. मजकूर भित्तिपत्रकावर किंवा वर्गाच्या हस्तलिखितात जाणार असेल, तेव्हा तो शुद्ध करून पुन्हा लिहायला लावा. लोक वाचणार म्हटलं की मुलंही दुसऱ्यांदा लिहायला कुरकुरत नाहीत.

मुख्याध्यापकांना आकडा हवा आहे तो द्या. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून तिसरी-चौथीला आकारिकचा, म्हणजे वर्गात चालता-बोलता होणाऱ्या मूल्यमापनाचा, भार ६० टक्के आणि संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा, ४० टक्के. आकारिकच्या साधनांत तोंडी काम आहे, उपक्रम आहे, स्वाध्याय-वर्गकार्य आहे. मतलेखन यांतल्या कशातही बसतं. त्यासाठी कुणाची परवानगी काढायला नको.

प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या वर्णनात्मक नोंदीचं मात्र खरं बोलू. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तयार नोंदींच्या पीडीएफ तुमच्याही फोनात असतील. 'आपले मत मुद्देसूद मांडतो' हे वाक्य या क्षणी राज्यात किती नोंदवह्यांत असेल कोण जाणे, आणि त्यावरून एकाही मुलाबद्दल काही कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: 'सकाळच्या शाळेबद्दल दोन कारणं दिली, दुसरं पहिल्याचंच वेगळ्या शब्दांत होतं.' किंवा, 'कारण सांगतो, पण स्वतःचा अनुभव लिहायला बिचकतो, विचारल्यावर सांगतो.' अशी नोंद वाचली की पुढच्या आठवड्यात त्या मुलाबरोबर काय करायचं ते तुम्हालाच सुचतं. आठवड्याला पाच मुलं धरा. पाच आठवड्यांत तेवीसही होतात, आणि विस्तार अधिकारी आले तर दाखवायला खरीखुरी वही असते.

आता ज्याला बोलता येतं पण लिहिता येत नाही, त्याचं. हा तुमचा प्रश्न पत्रात शेवटी आलाय, पण खरं तर सगळं तिथून सुरू व्हायला हवं. मत आधी तोंडात तयार होतं. थेट 'वह्या काढा' म्हटलं की मुलं काय वाटतं ते विसरतात आणि काय लिहिता येतं ते लिहितात. 'घर' लिहिता येतं म्हणून घर, 'रंग' येतो म्हणून रंग.

मी सुचवते तसं एकदा करून बघा. प्रश्न फळ्यावर लिहा. प्रत्येकाने पाटीवर एकच शब्द लिहायचा, 'सकाळ' किंवा 'दुपार', आणि पाटी पालथी ठेवायची. तुम्ही 'एक दोन तीन' म्हणालात की सगळ्यांनी एकदम वर धरायची. ही पालथ्या पाटीची युक्ती फार कामाची आहे. हात वर करायला सांगितलं की अर्धा वर्ग हुशार मुलीकडे किंवा वर्गप्रमुखाकडे बघून हात वर करतो. पाटीत तसं करता येत नाही. मग पटांगणात रेघ मारा आणि एका बाजूला सकाळवाले, दुसऱ्या बाजूला दुपारवाले उभे करा. एकाने कारण सांगायचं. ते पटलं तर समोरच्याने रेघ ओलांडून यायचं. ओलांडणाऱ्याला 'कशामुळे आलास?' हे विचारायला विसरू नका, त्या उत्तरात फार माल असतो. हे दहा मिनिटं झालं की जोडीने एकमेकांना सांगायचं आणि मग लिहायचं. चौथी-तिसरी एकत्र असल्याचा इथे फायदा होतो, जोड्या चौथीतला एक आणि तिसरीतला एक अशा लावा. फक्त चौथीतल्याने तिसरीतल्याचं लिहून द्यायचं नाही हे आधीच बजावा.

एवढं करूनही ज्याच्या हातून दोन शब्दांपलीकडे उतरत नाही, त्याने तुम्हाला सांगावं आणि तुम्ही त्याच्या वहीत त्याच्याच शब्दांत लिहावं, तारखेसकट. सुधारून लिहू नका. तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, एखादं कारण त्यांना आधी गोरमाटीतच सुचेल. ते तसंच येऊ द्या, मग मराठीत कसं म्हणता येईल ते दोघांनी मिळून बघा. मत, कारण आणि दाखला यांचे आठ गुण त्याला तोंडी कामात द्या. उरलेले दोन लिहिता यायला लागेपर्यंत थांबतील. तुम्ही लिहिलेलं आपलंच बोलणं मुलं पुन्हा पुन्हा वाचतात. वाचन न येणारी मुलंसुद्धा. म्हणजे एका दगडात दुसराही पक्षी पडतो.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वर्गात तो येणारच. मत तुम्हाला न पटणारं असलं तर? एखादा मुलगा 'मैदानावर मुलींनी येऊ नये, कारण त्यांना बॅट धरता येत नाही' असं लिहील. कारण मताला जुळतं. माझ्या हिशोबाने त्याला मताचे २ आणि कारणाचे निदान २ द्यावे लागतील, आणि ते द्यायचेच. पण वही परत देताना प्रश्न लिहा: 'कुणाकुणाला बॅट धरायला दिली होती?' दाखला मागितला की असली कारणं बहुतेक वेळा आपोआप ढासळतात. नाहीच ढासळली तर दुसऱ्या दिवशी मैदानावर मुलींच्या हातात बॅट द्या आणि त्याला गोलंदाजी करू द्या. मात्र एखाद्याचं मत वर्गातल्याच कुणाला जातीवरून, रंगावरून, घरच्या कामावरून टोचणारं असेल, तर तिथे गुणांचा विषय संपतो. ते मोठ्याने वाचायचं नाही, भिंतीवर लावायचं नाही, त्या मुलाशी एकट्याशी बोलायचं, आणि टोचलं गेलेल्या मुलाशी त्याहून आधी.

शेऱ्यांबद्दल थोडंसं. 'छान', 'उत्तम', 'अक्षर सुधारा' हे तीन शेरे बंद करून बघा. एका वहीत एक प्रश्न, बस्स. मुलीच्या वहीत: 'डोळे कुणाचे खराब झाले?' मुलाच्या वहीत: 'फोनवर तुम्ही काय बोलता?' आणि त्याचं उत्तर लिहायला दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं द्या. ती दहा मिनिटं दिली नाहीत तर प्रश्न लिहून उपयोग नाही, मुलं तो वाचणारही नाहीत.

आपण एकटेच तपासत राहिलो की आपलीच सवय आपल्याला दिसेनाशी होते. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पुढच्या शिक्षण परिषदेत या चार वह्या नावं झाकून न्या. प्रत्येकाला एकट्याने गुण द्यायला सांगा आणि मग आकडे फळ्यावर मांडा. एकाच वहीला तीनपासून नऊपर्यंत गुण पडलेले दिसतील. त्या दिवशीच्या चहाला चर्चेचा विषय शोधावा लागणार नाही. कोण अक्षर बघतं, कोण लांबी बघतं, कोण मत बघतं हे ज्याचं त्याला कळेल. तुमच्या मुख्याध्यापकांनाही न्या. 'शुद्धलेखनाचे कापा' म्हणणारा माणूस यात हवाच.

या वेळचे गुण मात्र आता बदलू नका. मुलांनी लिहिलं तेव्हा नियम त्यांना माहीत नव्हते, आणि दिलेला आकडा मागे घेतला की घरी नसते अर्थ निघतात. पुढच्या लेखनाआधी ते चार निकष मुलांच्या भाषेत फळ्यावर लिहा: काय वाटतं, का वाटतं, कशावरून, आणि दुसऱ्याला वाचता येईल का. सकाळ-दुपारचा विषय द्या आणि त्या हिशोबाने तपासा. नऊवाल्या मुलीला कदाचित सात पडतील आणि तिची आई शाळेत येईल. यायलाच हवी, कारण आजवर मुलीला नऊच पडत आलेत. त्यांना वही उघडून दाखवा, तुम्ही मुलीला काय विचारलंय ते वाचायला सांगा आणि म्हणा, याचं उत्तर घरी तिला लिहून द्यायचं नाही, फक्त तिच्याकडून ऐकायचं.